आमच्या नावावर कुणाचे बोलणे?

दर पावसाळ्यात बारवी धरण भरले की आमच्या बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात ती मोठी बातमी होते. तुडुंब धरणाचा फोटो आणि वर 'पाण्याची चिंता मिटली'. एमआयडीसीच्या या धरणाची उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातल्या आणखी काही गावपाड्यांना उठावे लागले. घरटी एका वारसाला नोकरी द्यायचे ठरले. त्या घरातल्या बाईच्या हाती काय आले, हे छापून आलेले मला तरी आठवत नाही. कुणी खोटे लिहिलेले नसते. आयते हाती आले ते छापलेले असते.

असे आयते पुरवणे हा आता मोठा धंदा आहे. जनसंपर्क कंपनी, म्हणजे पीआर एजन्सी, गिऱ्हाईकाकडून दरमहा फी घेते. पत्रक लिहून देते, वार्ताहरांशी ओळखी राखते, साहेबांनी काय बोलू नये तेही शिकवते. महिनाअखेर कात्रणांची वही गिऱ्हाईकापुढे ठेवते. बातमी किती सेंटिमीटर छापली, तेवढ्या जागेची जाहिरात कितीला पडली असती, असाही हिशोब मांडतात. जाहिरात निदान सांगते की मी जाहिरात आहे. या धंद्याची खुबी अशी की गिऱ्हाईकाचे म्हणणे तिसऱ्याच्या तोंडून यावे. आणि मैत्रिणींनो, ते तोंड बाईचे असले तर फारच उत्तम!

हे आजचे नाही. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड बर्नेज या गृहस्थाने ईस्टरच्या मिरवणुकीत तरुणींना भर रस्त्यात सिगारेटी ओढायला लावल्या आणि त्यांना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटले. वर्तमानपत्रांनी ती बायकांची बंडखोरी म्हणून छापली. पैसे सिगारेट कंपनीचे होते. बायकांचा राग खरा होता, म्हणून तर तो विकता आला.

आपल्याकडे एन्रॉन आठवा. दाभोळ प्रकल्पासाठी भारतात लोकांना 'शिक्षित' करण्यावर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर दोन कोटी डॉलर खर्च केल्याचे कंपनीच्या अधिकारी बाईंनी १९९५ साली अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे सांगितले. गुहागरजवळच्या वेलदूरच्या कोळणींना मात्र ३ जून १९९७ च्या पहाटे पोलिसांनी घरांत घुसून मारहाण केली, धरून नेले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यावर अहवाल काढला. पण कोळणींची बाजू मांडायला फी घेणारी एजन्सी कुठून असणार? २००१ च्या डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे वाजले.

मध्यंतरी आमच्या गटाकडेही अशा एका एजन्सीची मुलगी आली होती. ८ मार्चला 'स्त्री आणि पाणी' असा परिसंवाद घ्यायचा. हॉल, चहा, बॅनर त्यांचा, निमंत्रण मात्र आमच्या नावाने. पैसे कोणाचे, म्हणून विचारले. "एक उद्योगसमूह आहे, त्यांना नाव नकोय." मग वालधुनी नदीत सुटणाऱ्या रसायनांवर बोलता येईल का? "ताई, आपण विषय पॉझिटिव्ह ठेवू या ना." मुलगी आपल्यातलीच, रोज लोकलने लोंबकळत जाणारी. तिच्यावर माझा राग नाही.

गटात मात्र वादावादी झाली. हॉलचे भाडे आम्हाला कधीच परवडत नाही. फुकट मिळतोय तर आपले म्हणणे मांडून मोकळ्या होऊ, असे काहीजणी म्हणाल्या. त्यांचेही चूक नव्हते. पण निमंत्रण आपल्या नावाचे आणि विषय त्यांनी ठरवलेला, हे मला पटेना. शेवटी दोन अटी लिहून पाठवल्या: पैसे देणाऱ्याचे नाव निमंत्रणावर छापायचे आणि बारवीच्या विस्थापितांपैकी एक बाई व्यासपीठावर हवी. उत्तर आले नाही. कार्यक्रम दुसऱ्या एका महिला मंडळाच्या नावाने झाला. फोटो तिसऱ्या पानावर होता, चांगला चार कॉलमी.