‘हे माझ्याच चुकीने झाले का?’

मागच्या आठवड्यात वृत्तपत्राच्या कार्यालयातून माझ्या नावे आलेली चार-पाच पत्रे हाती पडली. त्यांतले एक वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेले होते. मजकूर थोडाच होता. ‘‘माझे वय ४९. दोन महिन्यांपूर्वी छातीतल्या गाठीचे ऑपरेशन झाले. गाठ कॅन्सरची निघाली. पंचवीस वर्षांपूर्वी मी एकदा गर्भ पाडून घेतला होता. त्यामुळेच हे झाले का? घरात कोणाला विचारता येत नाही. उत्तर पेपरात द्यावे. नाव छापू नये.’’ खाली सही नव्हती, पत्ता नव्हता, तरीही नाव छापू नये म्हणून बजावले होते!

या भगिनीला उत्तर एका शब्दात देता येते : नाही. पण एका शब्दाने तिचे समाधान व्हायचे नाही. शेजारपाजारच्या चार बायका उलटे सांगणाऱ्या भेटतीलच. तेव्हा हे ‘नाही’ आले कोठून, ते आज सांगतो.

डॉ. व्हॅलेरी बेरल हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. १९४६ साली ऑस्ट्रेलियात सिडनीला त्यांचा जन्म झाला. डॉक्टरकीचे शिक्षणही तेथेच झाले. पुढे त्या लंडनला गेल्या आणि साथरोगशास्त्राच्या मार्गाला लागल्या. साथरोगशास्त्र म्हटले की आपल्याला पटकी, प्लेग आठवतात. पण कोणता रोग कोणाला होतो, कोणाला होत नाही, याची मोजदाद करून कारणाचा माग काढणारे हे शास्त्र आहे, मग रोग साथीचा असो वा नसो. १९८९ पासून पुढे अनेक वर्षे ऑक्सफर्ड येथील कर्करोग संशोधन विभागाची धुरा बाईंनी सांभाळली. २०२२ साली त्या वारल्या. पाळी, बाळंतपण, अंगावर पाजणे, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या, पाळी गेल्यानंतर घेण्याची संप्रेरके या साऱ्यांचा स्तनाच्या कर्करोगाशी काय संबंध आहे, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय होता.

प्रश्न तसा जुनाच. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी लिहून ठेवले होते की, मठात राहणाऱ्या जोगिणींमध्ये हा रोग जास्त आढळतो. पण शास्त्रशुद्ध मोजणी व्हायला १९२६ साल उजाडावे लागले. इंग्लंडच्या डॉ. जॅनेट लेन-क्लेपन यांनी हा रोग झालेल्या ५०० आणि न झालेल्या ५०० बायकांना एकसारखे प्रश्न विचारले. लग्न कधी झाले, मुले किती, पाजले किती. आजारी बाईला सगळेच विचारतात, निरोगी बाईलाही तेच विचारायचे, हे त्यातले मर्म. त्यानंतर देशोदेशी असे अभ्यास निघाले. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याशी जुळेना. बेरलबाईंनी जगभरच्या संशोधकांकडून मूळ माहितीच मागवून घेतली आणि एकत्र मांडून नव्याने हिशेब केला.

गर्भपाताचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. १६ देशांतले ५३ अभ्यास, रोग झालेल्या ८३ हजार स्त्रिया. त्यात एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. ज्या अभ्यासांत बाईला रोग झाल्यानंतर मागचे विचारले होते, त्यांत गर्भपात करवून घेतलेल्या बायकांत रोग थोडा अधिक दिसत होता, सुमारे ११ टक्क्यांनी. पण ज्यांत गर्भपाताची नोंद रोग होण्यापूर्वीच झालेली होती, त्यांत धोका मुळीच वाढलेला नव्हता. असे का व्हावे? आपल्या गावात कोणी वही घेऊन घरोघर फिरले आणि धडधाकट बाईला ‘तुम्ही कधी गर्भ पाडून घेतला होता का?’ असे विचारले, तर ती हो म्हणेल काय? पदर सावरून आत निघून जाईल. आजारी बाई मात्र रात्र रात्र जागून आयुष्य उकरत असते, तिला सगळे आठवते, आणि बरे व्हायच्या आशेने ती डॉक्टरला सारे सांगून टाकते. फरक रोगात नव्हता, सांगण्यात होता. आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने काही अटींवर गर्भपाताला मान्यता दिली, तरी तो बोलून दाखवण्याची सोय अजून झालेली नाही. म्हणून हा मुद्दा आपल्याला चटकन उमगावा.

बेरलबाई बायकांना नुसता दिलासाच देत आल्या असे मात्र कोणी समजू नये. १९९६ ते २००१ या काळात त्यांनी ब्रिटनमधल्या ५० ते ६४ वयाच्या तेरा लाख स्त्रियांची माहिती गोळा केली. त्या वयाच्या तिथल्या दर चार बायकांत एक या अभ्यासात होती. पाळी गेल्यावर होणाऱ्या त्रासासाठी संप्रेरके घेणाऱ्यांना स्तनाचा कर्करोग जास्त होतो, हे २००३ साली त्यांनी त्यातून दाखवले. औषध खपाचे होते. काही डॉक्टरांनी अभ्यासाच्या पद्धतीवर वर्षानुवर्षे आक्षेप घेतले. २०१९ साली ५८ अभ्यास एकत्र करून त्यांच्या गटाने पुन्हा हिशेब मांडला. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षे दोन्ही संप्रेरके रोज घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत अशा दर पन्नास जणींमागे एकीला अधिक हा रोग होतो. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांबाबतही त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या. गोळ्या चालू असताना धोका किंचित वाढतो, सोडल्यावर दहा वर्षांत तो उरत नाही, आणि त्याच गोळ्यांनी बीजकोशाच्या कर्करोगापासून पुढे पुष्कळ वर्षे संरक्षण मिळते. जी बाई नावडते आकडे इतक्या स्पष्टपणे तोंडावर सांगते, तिने गर्भपाताचा संबंध नाही म्हटले, तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

आता माझ्याच एका चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चाळिशीची एक बाई गाठ दाखवायला आली. बरोबर सासूबाई होत्या. केसपेपर लिहिताना मी सवयीने विचारले, ‘‘मुलाला अंगावर किती दिवस पाजलं?’’ बाई खालच्या मानेने म्हणाली, ‘‘चार महिने. मग दूधच आलं नाही.’’ त्यावर सासूबाई लगेच बोलल्या, ‘‘बघा डॉक्टर, मी तेव्हाच हिला सांगत होते.’’ मी काहीच बोललो नाही, लिहीत राहिलो. डॉक्टर गप्प बसला, याचा घरच्यांनी काय तो अर्थ घेतला. सुईने पाणी काढून तपासायला तिला मी पुढच्या सोमवारी बोलावले होते. ती आली पाच महिन्यांनी, तेव्हा काखेतही गाठी लागत होत्या.

त्या वेळी मी जो हिशेब सांगायला हवा होता, तो असा. २००२ साली बेरलबाईंच्या गटाने ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र केले. एकूण बारा महिने अंगावर पाजल्याने धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असे निघाले. वाचणाऱ्याला वाटते, शंभरातल्या चार बायका वाचल्या. तसे नाही. श्रीमंत देशांत सत्तरीपर्यंत हजारातल्या सुमारे ६३ जणींना हा रोग होत असे. त्या ६३ च्या ४.३ टक्के म्हणजे तीनही भरत नाहीत. प्रत्येकीने वर्षभर अधिक पाजले असते तरी साठ जणींना तो झालाच असता. माझ्या रुग्णाने आठ महिने कमी पाजले असे धरले, तरी हजारात दोघींहूनही कमी. एवढ्याशा हिशेबावर सासूबाईंनी निकाल दिला आणि मी मान्य केल्यासारखा गप्प राहिलो.

मग हा आकडा काय कामाचा? देशाच्या कामाचा आहे. पाश्चात्त्य बायकांनी गरीब देशांतल्या जुन्या पिढीतल्या बायांइतकी मुले जन्माला घातली असती आणि तितकेच अंगावर पाजले असते, तर हजारातले ६३ हे प्रमाण २७ वर आले असते, असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे शहरांत हा रोग का वाढतो आहे याचे बरेचसे उत्तर येथे मिळते. भारतात आज स्त्रियांच्या कर्करोगांत याचाच क्रमांक पहिला आहे. बाळाला जरूर पाजावे, ते त्याचे अन्न आहे. पण दवाखान्याच्या भिंतीवर ‘स्तनपान करा, कर्करोग टाळा’ असे लिहिणे मला पटत नाही. ज्या बाईला दूधच आले नाही आणि जिला गाठ झाली आहे, तिने तेथे बसून ते वाचायचे?

माझे एक डॉक्टर मित्र म्हणतात, ‘‘भीती घातल्याशिवाय बायका ऐकत नाहीत.’’ माझा अनुभव उलटा आहे. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासली. यंत्र नाही, सुई नाही. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालेले आढळले. याहून स्वस्त उपाय दुसरा कोणता? पण त्यासाठी बाईने आरोग्यसेविकेपुढे चोळीची बटणे सोडावी लागतात. ‘तूच काहीतरी केलं असशील’ हे ऐकायची जिला धास्ती आहे, ती गाठ दाखवील की झाकील?

माझ्या दवाखान्यात आता हे प्रश्न मी बाईला एकटीला विचारतो. नर्सबाई तेवढ्या जवळ असतात. सोबत आलेल्यांना बाहेर बाकावर बसवतो. काहींना राग येतो. केसपेपर दाखवा म्हणून एका गृहस्थांनी हुज्जतही घातली. असो.

पत्र पाठवणाऱ्या भगिनीस : तुमच्या त्या गर्भपाताचा आणि या गाठीचा संबंध नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना न लाजता सांगा, ती फक्त नोंद आहे. गाठीच्या तपासणीचा पूर्ण कागद मागून घ्या आणि जपून ठेवा, पुढची औषधे त्यावरच ठरतात. ज्या बाजूचे ऑपरेशन झाले त्या हातावर सूज आली किंवा जखम चिघळली, तर तारखेची वाट न पाहता दाखवा. सख्खी बहीण असेल आणि तिचे वय चाळिशीपुढे असेल, तर तिलाही एकदा तपासून घ्यायला सांगा. आणखी काही विचारायचे असल्यास पुन्हा लिहा, याही वेळी नावाची गरज नाही.