गौरव जवानाचा, नकार हक्काला

सातारा जिल्ह्याच्या सैनिकी परंपरेचे गोडवे गाण्यात कोणतेही सरकार कमी पडलेले नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले, हे प्रत्येक समारंभात सांगितले जाते. परंतु वाई तालुक्यातील एखादा जवान शरीराने मोडून गावी परततो आणि विकलांगता निवृत्तिवेतनाचा अर्ज करतो, तेव्हा त्याच शासनाचा दुसरा चेहरा त्याला दिसतो.

नियम तसा साधा आहे. विकलांगता किमान २० टक्के असावी आणि ती लष्करी सेवेमुळे उद्भवलेली अथवा वाढलेली असावी. प्रत्यक्षात ‘सेवेमुळे उद्भवलेली नाही, वाढलेलीही नाही’ या एका वाक्यात अर्ज निकालात निघतो. साताऱ्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय फार तर कागद पुढे पाठवते. निर्णय होतो तो अभिलेख कार्यालयात आणि प्रयागराजच्या लेखा कार्यालयात, जेथे अर्जदाराचे तोंडही कोणी पाहिलेले नसते. वैद्यकीय मंडळाने प्रत्यक्ष तपासून दिलेले मत लेखा कार्यालयाने रुग्ण न पाहताच फिरवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाला १९९३ मध्ये बजावावे लागले, यातच सारे आले.

२०१३ च्या धरमवीर सिंग प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असे मानावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनाची. वैद्यकीय मंडळाने कारणे दिलीच पाहिजेत. एवढे होऊनही सरकार माजी सैनिकांविरुद्ध अपिले करीतच राहिले. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राच्या अशा सुमारे ३०० याचिका फेटाळल्या. कायदा स्पष्ट असताना गरीब जवानाला कोर्टाची पायरी चढावयास लावणे, हे काटकसरीचे नव्हे, छळाचे धोरण होय.

खोटे दावे होतात, असा युक्तिवाद केला जातो. काही होतही असतील. त्यांची चौकशी अवश्य व्हावी. परंतु महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातील आकडे बोलके आहेत. २०१५-१६ ते २०१९-२० या काळात निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्क्यांना विकलांगतेचा लाभ मिळाला. जवानांत हे प्रमाण १५ ते १८ टक्केच होते. अधिकारी अधिक वयात निवृत्त होतात, हे खरे. पण बर्फात आणि वाळवंटात पहारा करणाऱ्याची प्रकृती अधिक धडधाकट राहते, असे कोण म्हणेल? ज्याला कागदाची भाषा कळते त्याला हक्क मिळतो, शेतकऱ्याचा मुलगा मात्र नकारपत्र घेऊन घरी बसतो, अशी शंका या आकड्यांतून उभी राहते. सैन्यातही वर्गभेद असाच झिरपतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक नकार सकारण आणि जवानाला समजेल अशा भाषेत द्यावा. निकालात निघालेल्या प्रश्नांवर शासनाने पुन्हा अपील करू नये. निर्णयाला मुदत असावी आणि विलंबाची जबाबदारी अधिकाऱ्यावर निश्चित व्हावी.

तोवर वाईच्या कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसून चालणार नाही. गावोगावची नकारपत्रे गोळा करावीत, माहितीच्या अधिकारात वैद्यकीय मंडळाचे कागद मागवावेत, अपिलाची मुदत टळू देऊ नये. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे. झिजलेल्या देहाचे ते देणे आहे, आणि देणे मागण्यात कसली लाज?