थकव्याला गुण कोणी द्यावेत?

कर्करोगाच्या रुग्णाला डॉक्टरांनी “कसं काय?” असे विचारले की “बरं आहे” हेच उत्तर बहुधा येते. जास्त बोललो तर उपचार थांबवतील ही धास्ती, बाहेर ताटकळणारी रांग, आणि शेजारी उभा असलेला मुलगा किंवा जावई, जो परस्परच उत्तर देऊन मोकळा होतो. गाठीचे माप केसपेपरवर काटेकोरपणे नोंदले जाते. दोन पायऱ्या चढताच माणूस गळून बसतो, याची नोंद मात्र कोठेच होत नाही.

या उणिवेवर निघालेला उपाय अगदी साधा आहे. १९९१ साली कॅनडातील एडमंटन येथे एदुआर्दो ब्रुएरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित रूपात वेदना, थकवा, झोपाळूपणा, मळमळ, अरुची, धाप, खिन्नता, चिंता आणि एकंदर स्वास्थ्य या नऊ बाबींना रुग्ण स्वतःच शून्य ते दहा गुण देतो. केवळ थकव्यासाठी नऊ प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावलीही १९९९ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथून पुढे आली.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक जुनी शंका सतावते. एकाचे सुखदुःख दुसऱ्याच्या सुखदुःखाशी ताडून पाहण्यास शास्त्रीय आधार नाही, असे लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्येच बजावले होते. अमर्त्य सेन यांनी तर २००२ साली आपल्याच देशातील दाखला दिला. आयुर्मानात आघाडीवर असलेल्या केरळात लोक आजाराची तक्रार अधिक करतात, बिहारात फार कमी! सोसण्याची सवय जडलेला माणूस स्वतःला धडधाकटच समजतो. तेव्हा भातशेतीत जन्मभर राबलेल्या आजीचा ‘चार’ आणि निवृत्त मुख्याध्यापकांचा ‘चार’ एकच कसा मानावा?

शंका रास्त आहे, पण ती येथे फारशी लागू पडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रुग्णालयाला आजीची तुलना मुख्याध्यापकांशी करायचीच नसते. तिचा गेल्या सोमवारचा ‘चार’ या सोमवारी ‘आठ’ झाला, एवढे कळले तरी पुरे. न्यूयॉर्कमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पसरलेल्या कर्करोगावर केमोथेरपी घेणारे ७६६ रुग्ण त्यात होते. ज्यांनी आपली लक्षणे नियमाने संगणकावर नोंदवली त्यांचा मध्यक जीवनकाल ३१.२ महिने भरला, इतरांचा २६ महिने. या फरकामागे कोणतेही नवे औषध नव्हते. लक्षण बळावले की परिचारिकेला सूचना जाई, आणि ती बहुतेक वेळा लगेच काही ना काही हालचाल करी.

आपल्याकडे अडचण कागदाची नाही. युरोपात वापरल्या जाणाऱ्या तीस प्रश्नांच्या प्रश्नावलीचे मराठी भाषांतर मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने २००५ सालीच पडताळून पाहिले आहे. अडचण आहे ती विचारणाऱ्या माणसाची. वाचता न येणाऱ्याला प्रश्न कोणीतरी शांतपणे वाचून दाखवावे लागतात, आणि तो शक्यतो नातेवाईक नसावा. शिवाय ‘अंगात त्राण नाही’ म्हणणारी बाई थकव्यापुढे शून्य मांडू शकते. तिच्या मते थकवा कामाने येतो, आणि ती तर महिनाभर अंथरुणावर आहे! हे ओळखायला तिची बोली जाणणारी परिचारिका हवी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उघडण्याची घोषणा झाली. या केंद्रांसाठी यंत्रसामग्रीची यादी करताना शासनाने अशा परिचारिकेचे एक पदही प्रत्येक ठिकाणी मंजूर करावे.