आधी मैदान द्या, कपड्यांचं नंतर बोलू

लातूर आणि नांदेडमध्ये हुशार मुलीसाठी एकच रस्ता आखून ठेवलेला असतो. दहावीला नव्वदच्या पुढे टक्के, अकरावीपासून क्लास, मग नीट, आणि अल्लाहची मर्जी असेल तर पांढरा कोट. दोन्ही शहरांच्या चौकाचौकांत क्लासवाल्यांचे होर्डिंग लागतात. त्यावर आता आपल्या मोहल्ल्यातल्या, स्कार्फ बांधलेल्या मुलींचेही फोटो असतात. ते पाहून मला मनापासून आनंद होतो. मी नांदेडची, देगलूर नाक्याच्या बाजूची. बारावीची दोन वर्षं मीही लातूरला एका खोलीत चौघीजणी राहून काढली आहेत. त्या फोटोमागे किती आयांचे दागिने गहाण पडलेले असतात, हे मला माहीत आहे.

माझं भांडण फोटोशी नाही. तेरा ते अठरा या वयात आपल्या मुलीला धावूच द्यायचं नाही, असं जे आपण परस्पर ठरवून टाकलंय, त्याच्याशी आहे. सातवीपर्यंत ती गल्लीत पोरांबरोबर चेंडू लाथाडते. आठवीत कुणीतरी खाला अम्मीला म्हणते, "आता मोठी झाली." त्या दिवसापासून तिचं मैदान बंद. भाऊ मात्र त्याच मैदानावर तिशीपर्यंत टेनिस बॉल क्रिकेट खेळतो आणि कुणाच्या तरी नावाचा चषक घरी आणून टीव्हीवर ठेवतो.

आता मी शाळेत शिकवते. मुलींची फुटबॉल टीम करू या म्हटलं की तीन उत्तरं हमखास मिळतात. अभ्यासाचं काय? कपड्यांचं काय? आणि पुढे काय? या तिन्ही प्रश्नांना एका बाईच्या कारकिर्दीतून उत्तर मिळतं, म्हणून आधी तिची ओळख करून देते.

नादिया नदीम. जन्म १९८८, अफगाणिस्तानातल्या हेरातचा. वडील अफगाण सैन्यात जनरल होते. २००० साली तालिबानने त्यांना मारलं. घरात आई आणि पाच मुली. ज्या राजवटीत बाईला एकटीने घराबाहेर पडायला बंदी, तिथे पुरुष नसलेल्या घराने जगायचं कसं? आईने मुलींना घेऊन देश सोडला. आधी पाकिस्तान, मग खोट्या पासपोर्टवर इटली, तिथून एका ट्रकमध्ये. लंडनला पोचू असं त्यांना वाटलं होतं. उतरल्या तेव्हा कळलं, हा डेन्मार्क आहे.

निर्वासितांच्या छावणीला लागून एका स्थानिक क्लबची मैदानं होती. तिथे मुली फुटबॉल खेळताना तिने पाहिल्या आणि तीही खेळायला लागली. पुढे ती फॉरवर्ड झाली, म्हणजे पुढच्या फळीत राहून गोल करणं हेच जिचं मुख्य काम, ती खेळाडू. २००९ मध्ये ती डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघात आली. नंतर अमेरिकेत पोर्टलंड थॉर्न्सकडून २०१७ ची लीग जिंकली, २०१८ मध्ये मँचेस्टर सिटीत गेली, मग पॅरिस सेंट जर्मेनमध्ये, आणि त्या क्लबबरोबर २०२१ मध्ये फ्रान्सची लीग जिंकली. २०१७ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध सहाव्याच मिनिटाला पेनल्टीवर पहिला गोल तिचा होता. तो सामना डेन्मार्क ४-२ ने हरला, पण निर्वासित छावणीतली पोर युरोपच्या फायनलमध्ये गोल करते, हे जगाने पाहिलं.

आता पहिला प्रश्न, अभ्यासाचा. हे सगळं खेळत असताना नादिया डेन्मार्कमध्ये मेडिकलला शिकत होती. २०२२ मध्ये ती डॉक्टर झाली. तिला सर्जरी करायची आहे. लातूर-नांदेडच्या तमाम अब्बांना मला एवढंच विचारायचं आहे: ज्या पांढऱ्या कोटासाठी तुम्ही मुलीचे बूट काढून घेता, तो कोट बूट न काढता मिळवलेली बाई तुमच्यासमोर उभी आहे. आता कारण काय सांगणार? रोज एक तास खेळल्याने नीटचे मार्क जातात, हे तुम्हाला कुणी सांगितलं? सोळा वर्षांच्या पोरीला दिवसभर बंद खोलीत कोंडून ठेवल्याने काय काय जातं, तेही जरा क्लासच्या होस्टेलमधल्या मुलींना एकटं गाठून विचारा.

"पण तो डेन्मार्क आहे," असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आणि माझा मुद्दाही तोच आहे. छावणीत उतरली तेव्हा तिच्याकडे काय होतं? बाप नाही, पैसा नाही, भाषा नाही, कागद नाहीत. होतं ते चालत जाण्याच्या अंतरावरचं मैदान आणि मुलींना घेणारा क्लब. आपल्या मुलीकडे बाप आहे, आई आहे, शाळा आहे, भाषा आहे. नाही ते फक्त मैदान. गुणवत्ता कमी म्हणावं, तर पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचा झेंडा घेऊन चालणारी भाग्यश्री जाधव आपल्या नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातली. भारताच्या खो-खो संघाची कर्णधार राहिलेली आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळालेली सारिका काळे लातूरशेजारच्या धाराशिवची. या मातीत पोरी कमी नाहीत. त्यांना उतरायला जागा कमी आहे.

दुसरा प्रश्न कपड्यांचा. इथे मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे.

एक बाजू आपल्यातली. तिला मुलगी अर्ध्या चड्डीत दिसली की दीन धोक्यात येतो. दुसरी बाजू आपल्याबद्दल सतत बोलणाऱ्यांची. तिला मुलगी स्कार्फमध्ये दिसली की देश धोक्यात येतो. दोघांनाही मुलगी गोल करते का, याच्याशी काही देणंघेणं नाही. दोघांचे डोळे तिच्या कपड्यांवर. २०२१ नंतर अफगाणिस्तानात तालिबानने बायकांचा खेळच बंद केला. फ्रान्समध्ये फुटबॉल महासंघाने सामन्यात हिजाब घालायला बंदी केली आणि जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती कायम ठेवली. एक म्हणतो झाकलंस तरी खेळू नकोस, दुसरा म्हणतो झाकलंस तर खेळू नकोस. काबूलचा जुलूम आणि पॅरिसचा नियम एकाच तराजूत बसत नाहीत, हे मला कळतं. पण मैदानाबाहेर बसलेल्या पोरीच्या बाजूने पाहिलं तर दोन्हीकडे ती बाहेरच आहे.

खुद्द फिफाचा नियम काय सांगतो? आधी डोकं झाकण्यावर बंदी होती. २०११ मध्ये याच कारणावरून इराणच्या महिला संघाला ऑलिम्पिक पात्रतेचा सामना खेळू दिला नाही. मग मुस्लिम देशांतल्या खेळाडूंनी आणि अधिकाऱ्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि मार्च २०१४ मध्ये बंदी कायमची उठली. म्हणजे हा वाद जागतिक फुटबॉलमध्ये दहा वर्षांपूर्वीच मिटला आहे. आपण मोहल्ल्यात तो अजून चघळतो आहोत.

३० जुलै २०२३. ऑस्ट्रेलियात महिला विश्वचषक चालू होता. मोरोक्कोचा सामना दक्षिण कोरियाशी. मोरोक्कोकडून नुहैला बेनझीना बचाव फळीत उतरली, हिजाब घालून. विश्वचषकात हिजाब घालून खेळणारी ती पहिली खेळाडू. त्याच सामन्यात सहाव्या मिनिटाला इब्तिसाम जराईदी या फॉरवर्डने हेडरने गोल केला. विश्वचषकातला मोरोक्कोच्या महिलांचा तो पहिला गोल. इब्तिसामच्या डोक्यावर हिजाब नव्हता. एकच संघ, एकच झेंडा. एकीने झाकलं, दुसरीने नाही, आणि दोघींनी मिळून सामना १-० ने जिंकला. पुढे कोलंबियाला हरवून हा संघ बाद फेरीत गेला आणि जर्मनीसारखा संघ घरी परतला. हा संघ आपल्या मुलींना दाखवा. काय घालायचं ते तिने आणि तिच्या मनाने ठरवावं. मौलानांनी नको, टीव्हीच्या अँकरनेही नको आणि मीसुद्धा नको.

हजरत आयेशा (रजि.) यांनी पैगंबर साहेबांबरोबर (स.) धावण्याची शर्यत लावली होती, ही हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ती सांगताना आपण मुलींच्या चेहऱ्यावरचं हसू पाहतो, आणि संध्याकाळी त्याच मुलींना अंगणाबाहेर जाऊ देत नाही. मग ती गोष्ट सांगायची तरी कशाला?

मोरोक्कोबद्दल आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. काही सामने तर आपल्याच नवी मुंबईत झाले. भुवनेश्वरला भारताच्या मुली मोरोक्कोकडून ३-० ने हरल्या. मुस्लिम समाजात मुली मागे राहतात त्या धर्मामुळेच, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा निकाल कसा लागला ते सांगावं. मोरोक्कोच्या महासंघाने महिलांच्या लीगमध्ये पैसा घातला, प्रशिक्षक नेमले, मुलींना लहान वयात शोधलं. तिथेही मशिदी आहेत, तिथेही अम्मी-अब्बा काळजी करतात. पण तिथे मैदान मिळालं.

तिसरा प्रश्न, पुढे काय? हा प्रश्न मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. रिक्षा चालवणाऱ्या बापाने तो विचारला तर त्याला स्वप्नं विकू नयेत. भारतात महिला फुटबॉलवर घर चालणं अवघड आहे. इंडियन विमेन्स लीग सुरूच झाली २०१६-१७ च्या मोसमात. २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने वरच्या क्लबांमधल्या खेळाडूंसाठी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार ठरवला. पुरुषांच्या क्रिकेटपुढे ही रक्कम काहीच नाही, पण आपल्या भागात खासगी शाळेत शिकवणाऱ्या किती बायांना एवढा पगार मिळतो, हेही मोजा.

मणिपूरची बाला देवी पाहा. तीही फॉरवर्डच. मणिपूर पोलिसांत नोकरी करत खेळली. जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने तिला करारबद्ध केलं. युरोपातल्या क्लबशी असा व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिने तिथे गोलही केला. रेंजर्सपर्यंत हजारात एखादी पोचते, हे मान्य. पण पोलिसातली नोकरी? महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. शालेय स्पर्धांमधल्या कामगिरीवर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. हे कायद्याने आपल्याला दिलेलं आहे. आपल्या मुलींची नावं स्पर्धेच्या यादीतच नसतात, म्हणून ते दुसऱ्यांच्या पदरात पडतं. आरक्षणासाठी मोर्चे काढणाऱ्या आपल्या समाजाने हातात असलेलं हे आरक्षण असं वाया घालवावं?

हे सगळं हवेतलं नाही. महाराष्ट्रातच घडलेलं आहे. मुंब्र्यात साधारण २०१२ च्या सुमारास सबाह खान आणि त्यांच्या मैत्रिणींच्या ‘परचम’ या गटाने मुलींचं फुटबॉल सुरू केलं. मुंब्रा म्हणजे दाटीवाटीची, बदनाम केलेली मुस्लिम वस्ती. तिथेही हेच प्रश्न आले. मुलींनी खोटं न बोलता, लपून न खेळता सरळ सह्यांची मोहीम चालवली, लोकप्रतिनिधीकडे गेल्या आणि मुलींसाठी राखीव मैदान मागितलं. कुणी बुरखा काढून खेळली, कुणी स्कार्फ बांधून. मुंब्र्याच्या मुलींना जे जमलं ते इतवाऱ्याच्या आणि गंजगोलाईच्या मुलींना का जमू नये?

म्हणून माझी मागणी साधी आहे. नांदेड आणि लातूर, दोन्ही शहरांतल्या क्रीडा संकुलांत आठवड्यातले तीन दिवस, दोन-दोन तास फक्त मुलींच्या फुटबॉलसाठी राखीव ठेवा. त्या वेळात तिथलं स्वच्छतागृह उघडं ठेवा आणि दिवे लावा. शक्य असेल तिथे बाई प्रशिक्षक नेमा. सुब्रतो मुखर्जी चषकात मुलींचा १७ वर्षांखालील गट आहे. त्यात आपल्या उर्दू आणि मराठी शाळांचे संघ उतरवा. मुली नाहीत म्हणून टीम नाही, असं सांगणाऱ्या मुख्याध्यापकांनी आधी एकदा नोटीस लावून पाहावी.

आणि मोहल्ल्यातल्या भावांनो, तुमच्यासाठी वेगळं. दरवर्षी नाईट क्रिकेटच्या स्पर्धेला तुम्ही दिवे, मंडप, ट्रॉफ्या आणि बिर्याणीचा खर्च वर्गणीतून उभा करता. त्यातल्या एका रात्रीच्या खर्चात वीस मुलींचे बूट आणि चार चेंडू येतात. बहिणीला मैदानावर सोडायला जा आणि तिथे उभं राहून इतर पोरांना टोमणे मारू देऊ नका. हे तुम्हाला जमतं. फक्त आजवर कुणी मागितलं नव्हतं. आता मागतोय.

शाळा सुरू झाल्या की स्पर्धांच्या याद्या भरायला लागतात. ज्या मैत्रिणींना आपल्या शाळेच्या, कॉलेजच्या, मोहल्ल्याच्या मुलींची टीम करायची आहे, त्यांनी अकरा नावं जमण्याची वाट पाहू नका. पाच जणी जमल्या तरी क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मैदानाचा अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि ती जपून ठेवा. नकार आला तर तो लेखी मागा. कपड्यांवर चर्चा करायला कुणी आलंच, तर त्यांना सांगा: जरूर बोलू, पण सराव संपल्यावर.