जुन्या विमानाला नवे इंजिन : आधी हिशेब मांडा

जुन्या विमानांविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास कानावर येते : "छे, ती जुनी इंजिने म्हणजे पेट्रोल पिणारे राक्षस! नवे इंजिन बसवा, निम्मे इंधन वाचेल." ऐकायला हे पटते. नवी मोटारसायकल जुनीपेक्षा लिटरमागे जास्त धावते, तेव्हा विमानाचेही तसेच असणार, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की, लष्करी प्रशिक्षणाच्या जुन्या विमानांना हे वाक्य सहसा लागू पडत नाही. इंजिन बदलण्याची कारणे असतात, कधी कधी ती फार सबळ असतात, पण इंधनाची बचत हे त्यांतले सर्वांत दुबळे कारण आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. वही-पेन्सिल घ्या आणि स्वतःच पडताळून पाहा.

उदाहरणाला आपल्याच देशातले विमान घेऊ. एच.टी.-२ हे बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात आखलेले प्रशिक्षण विमान. त्याच्या आराखड्याचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीतील गटिंगेन येथे प्रांटल या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचे धडे घेतले होते. सर्व धातूचे, एकामागे एक अशा दोन आसनांचे हे विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडाले. पहिल्या नमुन्यात ब्रिटिश 'जिप्सी मेजर' इंजिन होते. नंतरच्या विमानांत १५५ अश्वशक्तीचे 'सिरस मेजर' आले, तेही ब्रिटिशच. या विमानावर हवाई दलातील वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी उड्डाणाची मुळाक्षरे गिरवली. पुढे यातल्या काही विमानांना १६० अश्वशक्तीचे अमेरिकन 'लायकमिंग' इंजिन बसवण्यात आले.

१५५ च्या जागी १६०. मग इंधन किती वाचले असेल?

इंजिन इंधन किती खाईल हे ते हवा किती ओढते यावर ठरते, कारण जळण्यासाठी इंधनाला हवा लागते. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत घेतो. म्हणून सर्व सिलिंडरांचे मिळून जे आकारमान असते त्याच्या निम्मी हवा एका फेऱ्यात जाते. सिरस मेजरचे आकारमान सुमारे ६.३ लिटर, निम्मे केले की ३.१५. मध्यम वेगाने उडताना ते मिनिटाला २,१०० फेरे करते असे समजा. गुणाकार केल्यावर ६,६१५ लिटर येतात. पण वाटेतल्या नळ्या, झडपा आणि अर्धवट उघडलेली झडप यांमुळे सिलिंडर काठोकाठ भरत नाही. तीन-चतुर्थांश भरतो असे धरू. मग सुमारे ४,९६० लिटर हवा उरते. एक लिटर हवेचे वजन जमिनीजवळ सुमारे १.२ ग्रॅम असते, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५,९५० ग्रॅम हवा. अशा इंजिनांत साधारण १३ ग्रॅम हवेबरोबर १ ग्रॅम पेट्रोल मिसळतात. भागाकार करा : मिनिटाला ४५८ ग्रॅम, तासाला साडेसत्तावीस किलो. पेट्रोलचे एक लिटर ७२० ग्रॅम भरते, तेव्हा तासाला सुमारे ३८ लिटर.

आता लायकमिंग. त्याचे आकारमान ५.२४ लिटर, म्हणजे बरेच लहान. येथेच पुष्कळांची फसगत होते. लहान इंजिनातून तेवढीच शक्ती हवी तर ते जोरात फिरवावे लागते. मिनिटाला २,४०० फेरे धरा आणि वरचाच हिशेब पुन्हा करा. उत्तर येईल सुमारे ३६ लिटर.

फरक दोन लिटरांचा! हा हिशेब ठोकळ आहे. प्रत्यक्षातले आकडे उंचीप्रमाणे आणि वेगाप्रमाणे हलतात. पण एक गोष्ट त्यातून स्वच्छ दिसते. विमानाला हवेतून ओढायला जेवढी शक्ती लागते तेवढी लागतेच, आणि पेट्रोलचे शक्तीत रूपांतर करण्याच्या कामात १९४० च्या सुमाराचे आणि १९७० च्या सुमाराचे हवेने थंड होणारे इंजिन यांत फार अंतर नाही. दोन लिटरांचा फरक तर वैमानिकाचा हात सहज पाडतो. ज्या विमानात इंधन आणि हवेचे मिश्रण कमीजास्त करण्याची दांडी असते, तेथे १२ ला १ असे दाट मिश्रण १५ ला १ इतके पातळ केले की पाचवा हिस्सा इंधन वाचते. इंजिनाला हातही लावावा लागत नाही.

मग एच.टी.-२ ला नवे इंजिन दिले ते चुकलेच का? मुळीच नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो, मात्र वेगळ्या कारणांसाठी. सिरस इंजिनांचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला होता आणि सुटे भाग मिळेनासे झाले की रोज उडणारे विमान रोज उडत नाही. उलट लायकमिंग जगभरच्या हजारो लहान विमानांत होते. शिवाय निवडलेल्या इंजिनाच्या नावाआधी 'ए-ई-आय-ओ' ही अक्षरे होती. त्यांचा अर्थ असा : कसरतीचे इंजिन, इंधनाची पिचकारी असलेले, समोरासमोर सिलिंडर असलेले. जुन्या धाटणीच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता गोळा असतो, पाण्याच्या टाकीतल्या तरंगत्या चेंडूसारखा. विमान उलटे झाले की तोही उलटा होतो, इंधनाचा मार्ग बिघडतो आणि इंजिन खोकू लागते. पिचकारीच्या इंजिनाला ही अडचण नाही, आणि त्याची वंगणाची व्यवस्थाही उलट्या उड्डाणात चालावी अशी केलेली असते. विद्यार्थी पहिल्यांदाच विमान उलटे करत असताना इंजिनाने भलतेच काही करू नये, ही अपेक्षा दोन लिटर पेट्रोलापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

इंजिन बदलले की आणखी काय काय बदलते ते पाहिले तर "नवे बसवा" हे वाक्य इतक्या सहज तोंडातून निघणार नाही. चिपमंक या ब्रिटिश-कॅनेडियन प्रशिक्षण विमानाचे उदाहरण घ्या. १९४६ साली प्रथम उडालेल्या या विमानात जिप्सी मेजर होते. पुढे ग्लायडर ओढण्यासाठी अनेक चिपमंकना १८० अश्वशक्तीचे लायकमिंग बसवले गेले. जिप्सीचा प्रॉपेलर एका दिशेने फिरतो आणि लायकमिंगचा नेमका उलट. परिणामी पूर्वी धावपट्टीवर वेग घेताना विमानाचे नाक उजवीकडे ओढ घेत असे, आता ते डावीकडे ओढ घेते. ज्या वैमानिकाच्या डाव्या पायाला वर्षानुवर्षांची सवय, त्याला आता उजवा पाय दाबायचा! कागदावर फक्त अश्वशक्तीचा आकडा बदललेला दिसतो.

तोलाचीही गोष्ट आहे. तरफेचा नियम तुम्ही शिकला आहात. इंजिन हलके झाले तर तोल राखण्यासाठी ते गुरुत्वमध्यापासून लांब, पुढे ठेवावे लागते. अमेरिकेच्या टी-३४ मेंटर या प्रशिक्षण विमानाला १९७३ साली दट्ट्यांच्या इंजिनाऐवजी टर्बाइन बसवून पाहिले, तेव्हा त्याचे नाक लांबलचक झाले. त्या विमानाचे जुने आणि नवे चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहा. शिक्षकांना तरफेच्या पाठासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

येथपर्यंत रोज शिकवणाऱ्या विमानांबद्दल झाले. आता ज्यांचे शिकवणे संपले आहे आणि जी केवळ जतन म्हणून उडवली जातात त्यांच्याकडे वळू. आपल्या हवाई दलाने टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही प्रशिक्षण विमाने दुरुस्त करून पुन्हा आकाशात नेली आहेत. त्यांतले हार्वर्ड खरोखरच खादाड म्हणावे असे. नऊ सिलिंडर चक्राकार मांडलेले, २२ लिटरांचे, ६०० अश्वशक्तीचे 'वास्प' इंजिन. मिनिटाला १,८५० फेरे धरून वरचा हिशेब केला तर तासाला सुमारे ११७ लिटर पेट्रोल येते. राक्षसच की! पण वर्षभरात असे विमान किती उडेल? समजा वीस तास. म्हणजे साऱ्या वर्षाचे २,३४० लिटर. आपल्या विमानतळांवरून रोज ये-जा करणारे दीड-पावणेदोनशे प्रवाशांचे जेट विमान तासाला अडीच टनांच्या आसपास, म्हणजे तीन हजार लिटर, इंधन जाळते. त्या विमानात एवढे प्रवासी बसतात हे खरे, म्हणून प्रवासाच्या दृष्टीने ही तुलना करू नका. पण देशाच्या इंधनाच्या हिशेबात जतन केलेल्या हार्वर्डचे पूर्ण वर्ष त्या जेटच्या एका तासातही मावते. अशा विमानाचे इंजिन इंधनासाठी बदलणे मला अजिबात मान्य नाही.

कारण त्यात जाते काय ते पाहा. हार्वर्डचा प्रॉपेलर सुमारे पावणेतीन मीटर व्यासाचा आणि थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला. उड्डाणाच्या क्षणी फेरे २,२५०. पात्याच्या टोकाचा वेग काढा : व्यास गुणिले पाय गुणिले सेकंदाचे फेरे. सेकंदाला ३२० मीटरहून जास्त येतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या अगदी जवळ. हार्वर्डची ती कर्कश, मैलभर ऐकू येणारी आरोळी तेथून निघते. दुसऱ्या इंजिनाला दुसरा प्रॉपेलर लागतो आणि आवाजही दुसराच होतो. बाहेरून हार्वर्ड, आत दुसरेच काही. मग ते पाहून पुढच्या पिढीने नेमके काय शिकायचे?

तुमच्यातला एखादा म्हणेल, जतन ठीक, पण वैमानिकाच्या जिवाचे काय? हा आक्षेप योग्य आहे. जुन्या इंजिनाला सुटे भाग मिळत नसतील, धातू थकला असेल, तर ते विमान जमिनीवर ठेवावे. त्यात कमीपणा नाही. मात्र "नवे म्हणजे सुरक्षित" हेही समीकरण गृहीत धरू नये. एच.टी.-२ नंतर आलेल्या एच.पी.टी.-३२ 'दीपक' या प्रशिक्षण विमानात २६० अश्वशक्तीचे लायकमिंग होते, त्याच नामांकित घराण्यातले. तरीही ते हवेत बंद पडण्याच्या घटना घडत राहिल्या, वैमानिक मृत्युमुखी पडले, आणि जुलै २००९ मधील अपघातात दोन प्रशिक्षक गेल्यावर ही विमाने उडवणे थांबवण्यात आले. इंजिन एकटे उडत नाही. टाकीपासून सिलिंडरापर्यंतच्या नळ्या, पंप, थंड हवेची वाट, हे सारे मिळून विमान होते. कागदावरचे अश्वशक्तीचे आणि लिटरांचे आकडे याबद्दल काहीच सांगत नाहीत.

इंधनाच्या बाबतीत एक प्रश्न मात्र मला खरोखर गंभीर वाटतो, आणि तो लिटरांचा नसून शिशाचा आहे. दट्ट्यांच्या विमानांसाठी जगभर वापरले जाणारे '१०० एल.एल.' पेट्रोल शिसे असलेले असते. लिटरला कमाल ०.५६ ग्रॅम. हार्वर्डच्या एका तासात पासष्ट ग्रॅमपर्यंत शिसे हवेत जाऊ शकते. मोटारींच्या पेट्रोलातून ते आपण केव्हाच काढून टाकले. आणि येथे जुन्या इंजिनांची एक मजेदार बाजू दिसते. १६० अश्वशक्तीच्या लायकमिंगमध्ये मिश्रण साडेआठ पट दाबले जाते, म्हणून त्याला उच्च ऑक्टेनचे इंधन हवे. टायगर मॉथच्या जिप्सी मेजरमध्ये ते सव्वापाच पट दाबले जाते. त्याला ७० ऑक्टेन पुरे. शिशाची त्याला मुळात गरजच नाही, उलट ते त्याच्या ठिणगीच्या प्लगांवर साचून त्रासच देते. या एका बाबतीत आजोबा नातवापेक्षा कमी खट्याळ आहेत.

हे पेट्रोल मिळणेही सोपे नव्हते. २०२२ साली इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीत ते तयार करायला सुरुवात केली. त्याआधी ते परदेशातून आणावे लागे. केरोसीनच्या जातीचे जेट इंधन मात्र प्रत्येक मोठ्या विमानतळावर असते. हवाई दलात २०१३ पासून शिकवणारे पिलाटस हे विमान टर्बाइनचे आहे आणि हेच इंधन वापरते. रोजच्या शाळेसाठी असे इंजिन निवडणे शहाणपणाचे. इंधन वाचते म्हणून नव्हे, इंधन मिळते म्हणून.

बंगलोरला जाण्याचा योग आला तर हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे विमान संग्रहालय पाहा. तेथे एच.टी.-२ ठेवलेले आहे. त्याच्या नाकाकडे नीट बघा. सिरसचे चार सिलिंडर एकामागे एक, उलटे टांगलेले असल्याने त्याला अरुंद, खोल नाक लागते. लायकमिंगचे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असल्याने त्याचे नाक रुंद आणि बसके. पाटीवर काहीही लिहिलेले असो, आत कोणते इंजिन आहे किंवा होते याचा अंदाज तुम्ही आधी वहीत टिपून ठेवा आणि मग तेथील माहीतगारांना विचारा.