समन्स आले, आता काय?

बपेऱ्याच्या आमच्या एका भगिनीला मारहाणीच्या खटल्यात साक्षीचे समन्स आले. घटना तिने डोळ्यांनी पाहिलेली. तरी चार रात्री तिला झोप नाही. म्हणून आम्ही सोबत निघालो, तुमसरला एस.टी. बदलली. पहिल्या खेपेला पुकारा झालाच नाही, पुढची तारीख पडली आणि एका दिवसाची रोजी बुडाली. (ॲट्रॉसिटीचा खटला असेल, तर साक्षीदाराला संरक्षण व प्रवासखर्च मिळण्याची तरतूद 2016 पासून लागू आहे. तो मागावा, लाजू नये.)

तिची भीती खोटी म्हणता येत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीच्या सुरेखा आणि प्रियंका भोतमांगे यांनी सिद्धार्थ गजभिये यांना मारणाऱ्यांची नावे पोलिसांना सांगितली होती. 29 सप्टेंबर 2006 रोजी त्या दोघींना आणि सुधीर, रोशन या मुलांना ठार केले गेले. एकटे उरलेले भैयालाल पुढे भंडाऱ्याच्या कोर्टात साक्षीला उभे राहिले. 2008 साली आठ जण दोषी ठरले. जातीय अत्याचाराचे कलम मात्र टिकले नाही. 2017 साली भैयालाल गेले.

दुसऱ्या तारखेला आमची बाई पिंजऱ्यात गेली. ईश्वराची शपथ सांगताच ती हळूच म्हणाली, "मी प्रतिज्ञा घेते." 1969 च्या शपथ कायद्यात तशी सोय आहे, कोणी अडवले नाही.

सरकारी वकिलांचे प्रश्न लवकर आटोपले. खरा घाम उलटतपासणीत.

"अंतर किती फूट होते?"

"मोजलं नाही जी. माझ्या दारातून त्यांचं दार दिसते."

"पोलिसांच्या बयाणात हे का नाही?"

"मी सांगितलं होतं. त्यांनी का नाही लिहिलं, मले माहीत नाही."

आम्हाला वाटले, बाई अडकली. पण "माहीत नाही" हेही उत्तरच असते. अंदाजाने आकडा फेकणारा साक्षीदारच पुढच्या प्रश्नात सापडतो. वकिलाने तोच प्रश्न तीनदा फिरवून विचारला, तिनेही तेच उत्तर तीनदा दिले. एकदा रडू आले, तेव्हा न्यायाधीशांनी पाणी द्यायला सांगितले.

शेवटी साक्ष वाचून दाखवली. आम्ही मागच्या बाकावर सुस्कारा टाकला, एवढ्यात तिने हात वर केला.

"साहेब, ‘अंगणात’ नाही. मी ‘दारात’ म्हटलं होतं."

दुरुस्ती झाली. मग तिने सही केली.