बोला ना, मालक!

वहिनी, सोयाबीन विकून आल्यापासून मालक धड बोलत नाहीत, ताटावरून अर्धपोटी उठतात, असं तुम्ही म्हणता. आपलंच काही चुकलं असेल, असं समजून तुम्हीही अबोला धरलात.

एकदा सातबारा काढून पाहा. त्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. सोसायटीचा, बँकेचा बोजा तिथं चढतो. सावकाराचं देणं मात्र तिथं दिसायचं नाही, ते माणसालाच विचारावं लागतं.

पण सासूबाईंपुढे विषय काढू नका. कर्ज लपवणाऱ्याला कर्जापेक्षा बायकोपुढं मान खाली जाण्याचं भय जास्त. रात्री पोरं निजल्यावर वही घेऊन बसा. आधी आपलं सांगा: किराण्याची उधारी, बचत गटाचा हप्ता, डब्यात दडवलेल्या नोटासुद्धा. मग त्यांचं विचारा.

‘आता जगून काय करू’ असं तोंडून निघालं, तर वही मिटा. त्यांना एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन लावा. २०२२ पासून ती चालू आहे. पैसे पडत नाहीत.

आणि भाऊ, तुम्हीही हे वाचताच की! खुरपणीला ती तुमच्या बरोबरीनं उन्हात असते. मग खताचा पैसा कुठून आणला, हे तिला सांगायला लाज कसली?